लेकींच्या वाटेनं आलेला कुंचला

तुम्ही बेंगळुरूत उतरता तेव्हा हवेत गारवा आहे. 1950चं दशक संपत आलंय. रिचमंड रोडवर दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या मधोमध येऊन भेटल्यात. त्यांच्या सावलीतून एखादा टांगा, दोन-चार सायकली, मधूनच एखादी मोटार जाते. कौलारू बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या आहेत, कुंपणावर बोगनवेल पसरलीय. हा कँटोन्मेंटचा भाग. इथं तमिळ कानावर पडते, इंग्रजी पडते, दख्खनी पडते. कन्नड ऐकायची तर जुन्या पेटेत जायला हवं.

अशाच एका बंगल्यात साठी ओलांडलेल्या एक बाई राहायला आल्यात. तुम्ही फाटकाशी उभे राहून त्यांच्याकडे बघता. केरळी पद्धतीचं पांढरं नेसण, अंगावर जवळजवळ काहीच नाही म्हणावं इतके थोडे दागिने. शेजारपाजारच्यांना कळणारही नाही, की या बाईंनी 1924 ते 1931 अशी सात वर्षं त्रावणकोरचं राज्य चालवलं. चाळीस लाख वस्तीचं राज्य. नाव सेतु लक्ष्मी बायी. तुमच्या कानाला हे ‘बायी’ थेट ‘बाई’सारखं लागेल, आणि लागू द्यावं. आता राजवाडा मागे राहिलाय, लवाजमा मोडलाय, आणि त्या लेकीच्या गावी राहायला आल्यात. परत जायचं नाही, असं ठरवूनच.

त्याच कुटुंबात एक तरुण नात आहे. रुक्मिणी. जन्म 1940चा. तुम्ही खरं तर तिच्यासाठी आला आहात, कारण पुढे हीच बेंगळुरूची चित्रकार रुक्मिणी वर्मा होणार आहे. पण तिच्याकडे वळायची घाई करू नका. आधी आजीचं बोट धरा आणि मागे चला. या घरात मागे जायचं तर लेकीचं बोट धरून आईकडे, तिथून तिच्या आईकडे, असंच जावं लागतं. बापाकडून जाणारी वाट इथं फार लांब जात नाही.

पहिला मुक्काम 1925चा मार्च. गाव वर्कला, समुद्राकाठी. रीजंट महाराणी, म्हणजे वारस लहान म्हणून त्याच्या वतीनं राज्य चालवणाऱ्या सेतु लक्ष्मी, एकोणतीस वर्षांच्या आहेत. भेटायला महात्मा गांधी आलेत. वैकमला वर्षभर सत्याग्रह चालू आहे: देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालायचा हक्क सगळ्या जातींच्या माणसांना मिळावा, एवढीच मागणी. देवळात जायचा प्रश्नसुद्धा अजून पुढचा. गांधीजींनी मनाशी कल्पना केली होती ती हिऱ्या-मोत्यांनी लगडलेल्या राणीची. समोर आली एक साधी, तरुण, शांत बाई. तिच्या अंगावर दागिने नव्हते याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की नंतर त्यांनी ते ‘यंग इंडिया’त लिहून काढलं. त्याच वर्षाअखेर वैकमच्या देवळाभोवतीचे बहुतेक रस्ते सर्वांना खुले झाले. या भेटीतला तो रिकामा गळा ध्यानात ठेवा, पुढे त्याची आठवण काढायची आहे.

आता आणखी पंचवीस वर्षं मागे. साल 1900, गाव मावेलिक्करा.

इथं जरा थांबा, कारण आपल्या मराठी डोक्याला ही गोष्ट उलटी वाटते. आपल्याकडे दत्तक म्हटलं की मुलगा. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा पोरगा 1875मध्ये बडोद्याला नेला गेला आणि सयाजीराव झाला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात असते. त्रावणकोरात गादी राजाच्या मुलाला मिळत नसे. ती मिळे बहिणीच्या मुलाला, म्हणजे भाच्याला. या रीतीचं नाव मरुमक्कत्तायम. घर आईचं, नाव आईच्या घराचं, इस्टेट आईच्या वंशाची. त्यामुळे राजघराण्यात मुली राहिल्या नाहीत, की वंश संपला. मुलं किती का असेनात.

तेच झालं होतं. तेव्हाच्या महाराणी लक्ष्मी बायींच्या पोटी मूल नव्हतं, घराण्यात वारस मुली उरल्या नव्हत्या. मावेलिक्कराला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या दोन लेकी होत्या, लग्न झालेल्या. सांगतात, की राणींनी या दोन्ही भाच्यांना घेऊन रामेश्वरची यात्रा केली आणि त्यांना मुली व्हाव्यात म्हणून नवस बोलला. लोक देवाला मुलगा मागतात. इथं मुली मागितल्या गेल्या. 1895 आणि 1896 अशी लागोपाठ दोन वर्षं दोघींना एकेक मुलगी झाली. रामेश्वरच्या सेतूची आठवण म्हणून एकीचं नाव सेतु लक्ष्मी, दुसरीचं सेतु पार्वती.

तुम्ही मावेलिक्कराच्या त्या वाड्यात ओसरीवर उभे आहात. सेतु लक्ष्मीला पाच वर्षंही पुरी झालेली नाहीत, सेतु पार्वती तिच्याहून वर्षानं लहान. आज त्यांना तिरुअनंतपुरमला नेणार आहेत. व्हाइसरॉय कर्झनची मंजुरी आली आहे, विधी व्हायचे आहेत, आणि त्यानंतर या दोघी आपल्या आयांच्या राहणार नाहीत.

केरळच्या या घरांत मुलीला सासर नसतं. लग्न झालं तरी ती आईच्याच घरी राहते, नवरा येऊन-जाऊन असतो. जात्यावर बसून माहेराची आठवण काढायची वेळच तिच्यावर येत नाही. आणि अशा मुलखात या दोन चिमुरड्या निघाल्यात, एकदाच, कायमच्या. आपल्या आज्या-पणज्यांना आठव्या-दहाव्या वर्षी जे भोगावं लागलं, ते यांना त्याहून लवकर भोगावं लागलं. फरक एवढाच, की यांना नेलं ते सून म्हणून नाही, राणी म्हणून. एवढ्याशा पोरीला तो फरक किती कळला असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

दाराशी जी बाई उभी आहे ती सेतु लक्ष्मीची आई, महाप्रभा. तुम्ही तिला ओळखता. तिचं चित्र तुम्ही पाहिलेलं आहे.

बोट सोडू नका. सात वर्षं मागे, 1893.

हीच महाप्रभा, वयानं लहान, पांढऱ्या नेसणात, कडेवर बाळ घेऊन उभी आहे. पायाशी कुत्रा. माय-लेकांची नजर चौकटीबाहेर कुठंतरी लागलीय, कुणीतरी येतंय. तैलचित्राचं नाव इंग्रजीत आहे, त्याचा अर्थ, ‘ते बघ, बाबा आले!’ चित्रकार तिचा बाप, राजा रवि वर्मा.

बाबा आले, असं चित्राचं नाव आणि बाबा चित्रात नाहीत. आपण म्हणू, बाप कामावरून आला असेल. पण मरुमक्कत्तायमच्या घरात बाप हा पाहुणाच. आणि मला विचाराल तर या चित्रात रवि वर्मांनी नातवाबरोबर स्वतःच्या लेकीचीही वाट रंगवली आहे. वर्षानुवर्षं ते दौऱ्यावर असत, मद्रास, बडोदा, म्हैसूर, मुंबई, उदयपूर. लेकी मावेलिक्कराला, आईच्या घरी वाढल्या. त्यांची आई भागीरथी 1891मध्ये गेली. लहानपणी महाप्रभा याच उंबऱ्यात अशीच उभी राहिली असणार. बापाला ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? त्यानंच तर तिला तसं उभं केलं.

तर ही साखळी अशी: रवि वर्मांची लेक महाप्रभा, नात सेतु लक्ष्मी, पणती ललिता, आणि ललितेची लेक, म्हणजे खापरपणती, रुक्मिणी. चार पिढ्या, चारही बायका, मध्ये एकही मुलगा नाही. आपल्याकडच्या वंशवृक्षात ही नावं ‘कन्या’ म्हणून एका ओळीत गुंडाळली गेली असती आणि खापरपणतीपर्यंत माग लागलाच नसता.

इथून जरा वाट वाकडी करून किळिमानूरला जायला हवं. रवि वर्मांचं स्वतःचं घर ते, म्हणजे त्यांच्या आईचं. आई उमयंबा कवयित्री होत्या. मामा राजराज वर्मा चित्रं काढत. भाच्यानं कोळशानं भिंती रंगवल्या तेव्हा त्याचा हात ओळखला तो मामानंच. आणि त्या घरात एक बहीण आहे, मंगला बायी, जन्म 1866चा. ती भावाला चित्रांत मदत करते, स्वतःही रंगवते, चांगलं रंगवते. भावानं 1873मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलं, 1893मध्ये शिकागोला दहा चित्रं पाठवली. बहिणीला मात्र घर सोडून जाता आलं नाही. घर बाईचं, वंश बाईचा, नाव बाईचं. पण दौरे, दरबार, गिऱ्हाइकं आणि प्रदर्शनं पुरुषांची. पुढे तिनं गांधीजींचं व्यक्तिचित्र काढलं, भावाचंही काढलं. 1954पर्यंत ती जगली, म्हणजे रुक्मिणी चौदा वर्षांची होईपर्यंत. रुक्मिणीचे वडील याच किळिमानूर घराण्यातले. मंगला बायीला अधिक जागा मिळायला हवी होती, या लेखातही आणि जगातही.

आता समुद्रकाठानं वर या, आपल्या मुलखात. साल 1894, गिरगाव.

घोड्यांची ट्राम, नारळाच्या वाड्या, चाळींच्या कठड्यांवर वाळत घातलेली लुगडी. एका इमारतीतून खडखड ऐकू येते आणि रस्त्यापर्यंत जवसाच्या तेलाचा वास येतो. रवि वर्मांनी धाकटा भाऊ, मामाच्याच नावाचा, राजराज वर्मा याच्या मदतीनं शिळाछापखाना काढलाय. यंत्रं जर्मनीची, जाणते कारागीरही तिकडचेच. कल्पना मात्र जुनी आहे, आणि ती सुचवली एका मराठी माणसानं. सर टी. माधवराव, कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. त्यांनीच रवि वर्मांना बडोद्याची वाट दाखवली आणि त्यांनीच लिहून कळवलं, की तुमच्या चित्रांना मागणी इतकी आहे की दोन हात पुरायचे नाहीत; निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रवि वर्मांनी युरोपऐवजी गिरगाव निवडलं.

आत या. टेबलावर पाट्यासारखा जाड, गुळगुळीत घोटलेला चुनखडीचा दगड आहे. कारागीर तेलकट खडूनं त्यावर ठिपके देतोय, एकेक ठिपका, मुंगीच्या पावलाएवढा. सगळी गंमत एवढ्यावर आहे की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दगड ओला करायचा. जिथं खडू लागलाय तिथं पाणी थांबत नाही. मग शाईचा रूळ फिरवायचा. जिथं पाणी आहे तिथं शाई बसत नाही. कागद ठेवून दाबला, की खडूचं काम त्यावर उलटं होऊन उतरतं. पण हा झाला एकच रंग. गुलाबीला वेगळा दगड, निळ्याला वेगळा, अंगाच्या रंगाला दोन-तीन. रंगागणिक दगड, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच जागी, केसभरही इकडेतिकडे न सरकता बसला पाहिजे. म्हणून कागदाच्या कडेला बारीक फुल्या असतात. फुली फुलीवर बसली तर शकुंतलेचे ओठ ओठांवर राहतात. सरकली तर गालावर.

‘‘पाव्हणं, हात लावू नका, शाई वली हाय,’’ दोरीवर कागद टाकणारा पोऱ्या तुम्हाला दटावतो.

दोरीवर वाळतंय ते या छापखान्याचं पहिलं चित्र, शकुंतलेचा जन्म. लवकरच लक्ष्मी येईल, सरस्वती येईल. या देवींची लुगडी आपल्याकडची वाटतात, चेहरे शेजारच्या घरातल्या बायकांसारखे. राजाच्या दिवाणखान्यातली देवी आता चार भिंतींच्या खोलीत येऊ शकते. जिला देवळाच्या रस्त्यावरसुद्धा मज्जाव आहे, तिच्याही खोलीत. वैकमच्या तीस वर्षं आधी. रवि वर्मांनी हे ठरवून केलं की धंद्यासाठी केलं, हा वाद अभ्यासकांनी घालावा. पण कागदावरची लक्ष्मी कुणाची जात विचारत नव्हती.

धंदा मात्र सुखाचा झाला नाही. छापखाना घाटकोपरला गेला, मग प्लेगानं मुंबई रिकामी होऊ लागली तशी लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या शेजारी, मळवलीला. कर्ज वाढलं. विसावं शतक उजाडताना छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. याच छापखान्यासाठी पुढे दादासाहेब फाळक्यांनी छपाईचं काम केलं. त्यांच्या पडद्यावरच्या देवदेवतांची ओळख इथल्या दगडांशी जुनी होती. 1905च्या जानेवारीत राजराज वर्मा गेले, 1906च्या ऑक्टोबरमध्ये रवि वर्मा. मळवलीचा कारखाना 1972मध्ये आगीत गेला.

आता उलटं फिरा. पुढे चला, भराभर.

रवि वर्मांचा मुलगा राम वर्मा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि त्यानं मावेलिक्कराला वडिलांच्या नावानं चित्रशाळा काढली. पण आपण लेकींच्या वाटेनं निघालोय, तिकडे वळायला नको. 1923मध्ये सेतु लक्ष्मीला मुलगी झाली, ललिता. 1924मध्ये महाराजा वारले, गादीचा वारस होता सेतु पार्वतीचा अकरा वर्षांचा मुलगा, म्हणून रीजंट म्हणून कारभार सेतु लक्ष्मीकडे आला. 1931मध्ये तो हातून गेला. दोन्ही मावसबहिणींत पडलेलं अंतर मग बुजलंच नाही. एकाच ओसरीवरून, एकाच प्रवासाला निघालेल्या त्या दोन पोरी. त्या दोघींचं दुखणं एकच होतं आणि तेच त्यांना एकमेकींना सांगता आलं नाही, असं मला राहून राहून वाटतं.

1940. तिरुअनंतपुरमच्या पूजप्पुरात सॅटेलमंड पॅलेस. भरणी नक्षत्रावर एक मुलगी जन्मली. भरणी तिरुनाळ रुक्मिणी बायी. तुम्ही राजवाड्याच्या लांबलचक व्हरांड्यातून चालत जा आणि घड्याळ न बघता पुढची पन्नास वर्षं याच व्हरांड्यातून बघून घ्या, कारण ही वास्तू विलक्षण आहे. राण्या गेल्यावर इथं श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा जैववैद्यकीय विभाग आला. भारतात तयार झालेली हृदयाची कृत्रिम झडप इथल्या प्रयोगशाळेत घडली, आणि 1990च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा माणसाच्या छातीत बसवली गेली. तुम्ही उभे आहात तिथं रुक्मिणी रांगली असेल.

1947मध्ये त्रावणकोरनं आधी स्वतंत्र राहायचं म्हटलं. दिल्लीत लॉर्ड माउंटबॅटन यांच्यापुढे वाटाघाटी झाल्या आणि जुलैच्या अखेरीस संस्थान भारतात यायला राजी झालं. 1949मध्ये त्रावणकोर आणि कोचीन एक झाले. त्याच सुमारास ललितेनं मुलाबाळांसह बेंगळुरू गाठलं. विचार करा: नऊ वर्षांची मुलगी, जिच्या प्रत्येक पावलामागे आजवर कुणीतरी चालत होतं, आणि आता ती अशा गावात आली जिथं तिला कुणी ओळखत नाही. आजीला पाच वर्षांची व्हायच्या आत ओसरीवरून उचलून राजवाड्यात नेलं. नातीला राजवाड्यातून रस्त्यावर सोडलं. दोघींपैकी कुणाची सुटका झाली, हे सांगायला चित्रं बघायला हवीत.

या गावाचं मला कौतुक वाटतं. बेंगळुरूनं कितीजणांना असं अनोळखी होऊ दिलं! कँटोन्मेंटातून सुटलेले गोरे शिपाई, निवृत्त न्यायाधीश, तमिळ मळेवाले, शहाजीराजांच्या काळापासून इथं रुजलेली मराठी घरं, आणि शहराबाहेर तातगुणीला सिनेमातून निवृत्त झालेली देविका राणी आणि तिचा चित्रकार नवरा स्वेतोस्लाव रोरिक. इथं कुणी कुणाचं मागचं फारसं विचारत नाही. एके काळच्या महाराणीला आणखी काय हवं होतं?

रुक्मिणी आधी नाचायला शिकली. भरतनाट्यम, कथकली, मोहिनीअट्टम. चित्रांकडे ती पूर्णवेळ वळली ती नंतर. पण तिच्या कॅनव्हासवरच्या बायका उभ्या राहतात त्या नर्तकीसारख्या: भार एका पायावर, कंबर जराशी मोडलेली, मनगट सैल. हे शिकवण्यांतून येत नाही, अंगातून येतं.

1970चं दशक आहे. तिच्या पाठीमागे, चार पावलं अंतर ठेवून उभे राहा, बोलू नका. टर्पेंटाइनचा वास आहे. समोर पुराणातली एक स्त्री आहे, अंगावर वस्त्र नाहीसंच आणि गळ्यात, कानांत, दंडांवर, कमरेला दागिने, दागिने, दागिने. आता त्या गळ्यातला एकच मोती बघा. तैलरंगात मोती पांढऱ्यानं काढत नाहीत. आधी करडा गोल, मळकटसा. त्याच्या खालच्या कडेला अंगाच्या रंगाची किंचित ऊब, कारण मोती ज्या कातडीवर टेकलाय ती त्याच्यात उतरते. मध्ये सावलीची पुसट कोर. एवढं झालं तरी तो वाटाणाच दिसतो. मग अगदी शेवटी, कुंचल्याच्या टोकावर जाडसर पांढरा घेऊन, एक ठिपका. ठेवायचा आणि उचलायचा, पसरवायचा नाही. त्या क्षणी खोलीतली खिडकी मोत्यात येऊन बसते.

आता वर्कल्याचा तो रिकामा गळा आठवा. आजीनं जे अंगावर घातलं नाही, ते सगळं नातीनं रंगात घातलं. आजीनं दागिने उतरवले ते राज्यकर्ती म्हणून. चाळीस लाखांच्या डोळ्यांसमोर साधं राहायचं म्हणून. नातीला कुणाच्या डोळ्यांसमोर राहायचं नव्हतं. तिनं पुराणातल्या बायकांना राजघराण्याचं सगळं जडजवाहीर दिलं आणि लाज तेवढी काढून घेतली. पणजीच्या बापानं उर्वशी-मेनका रंगवल्या तेव्हा त्याला लोकांनी नावं ठेवलीच होती. पण बाईनं बाईचं उघडं शरीर रंगवणं वेगळं. ते बघायला आलेल्या माणसाला नजर कुठं ठेवावी ते समजत नाही, कारण चित्रातली बाई त्याच्यासाठी उभीच नसते.

त्याच दशकात लंडनच्या इंडिया हाउसमध्ये तिचं प्रदर्शन भरतं. उद्घाटनाला पाहुणे कोण, तर लॉर्ड माउंटबॅटन. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या टेबलावर तिच्या राज्याचा निकाल लागला, तेच गृहस्थ तिच्या चित्रांची फीत कापतात. भारतात संस्थानिकांचे तनखे 1971मध्येच बंद झालेत. या दालनात ती आली आहे ती हातानं काम करणारी बाई म्हणून, आणि भिंतीवर जे आहे ते कुणी तिला दत्तकविधानानं दिलेलं नाही.

1985च्या फेब्रुवारीत आजी गेली, बेंगळुरूतच, एकोणनव्वदाव्या वर्षी. त्यानंतर रुक्मिणीही बराच काळ प्रदर्शनांपासून लांब राहिली. घरातल्या दुःखांची मोजदाद तुम्ही-आम्ही करू नये. कुंचला हातातून सुटला नाही, तिचा एक मुलगा जय वर्माही चित्रकार झाला, एवढं पुरे. लेकींच्या वाटेनं आलेला वारसा पाचव्या पिढीत लेकाकडे वळला.

शेवटचा मुक्काम आजचाच म्हणा. बेंगळुरूत राजा रवि वर्मा हेरिटेज फाउंडेशन सुरू झालंय, 2015पासून, आणि खापरपणती त्याच्या प्रमुखपदी आहे. इथं जुन्या छापील चित्रांवर काम होतं. एका टेबलावर मळवलीचा कागद पसरलेला आहे, कडा तपकिरी, एका कोपऱ्याला वाळवीनं कुरतडलेला. हातात भिंग द्या म्हणा. लक्ष्मीच्या गालावर धरा. गाल नाहीसा होतो, उरतात ठिपके: गुलाबी, पिवळे, निळेसुद्धा, मुंगीच्या पावलांएवढे. गिरगावातल्या त्या माणसानं वाकून दिलेले.

आता घरी या. तुमच्या आजीच्या खोलीत, देवघराच्या वरच्या खिळ्याला जी लक्ष्मी आहे, ती खाली उतरवा. कुणीतरी, बहुधा पणजीनंच, तिच्या लुगड्याच्या काठावर खरी जर चिकटवली आहे, मुकुटावर टिकल्या आहेत, गळ्यात बारीक मणी. तेव्हा घरोघरच्या बायका असंच करत, छापलेल्या देवीला आपल्या हातानं दागिने घालत. दोन-चार मणी गळालेत, त्यांच्या जागी गोंदाचे पिवळे डाग. चौकटीचे खिळे जपून काढा, खालची पट्टी सरकवा. कागदाच्या खालच्या कडेला, इतकी वर्षं लाकडाखाली झाकलेली, बारीक अक्षरांतली एक ओळ आहे. रवि वर्मा प्रेस, कार्ला.